प्रयागबाईंचं उरलेलं वाक्य

कॅमेरा दिसला की आमच्या भागातला माणूस आधी शर्टाचं वरचं बटण लावतो आणि मग गावच्या रस्त्याबद्दल बोलायला लागतो. तुम्ही काहीही विचारा. माझ्या डिप्लोमा फिल्ममध्ये प्रश्न एकच होता: तुमचं कुणाला काही सांगायचं राहून गेलंय का? बारामतीच्या एसटी स्टँडवर एका गृहस्थांनी या प्रश्नावर बंद पडलेल्या दिव्यांची तक्रार ऐकवली आणि खाली नाव नि हुद्दा नीट लावा म्हणून बजावलं. मोरगावात देवळाबाहेर दूर्वा विकणाऱ्या बाई म्हणाल्या, आधी दोन जुड्या घे, मग काय ते विचार. इंदापूरच्या बाजारात एक पोरगा 'नमस्कार मित्रांनो' करून सुरू झाला तो सबस्क्राइब करायला सांगूनच थांबला. दिवाळीपासून मी अनोळखी माणसांच्या मागे हिंडत होते आणि हार्ड डिस्कमध्ये नुसते रस्ते आणि दिवे साठत होते.

मी वृषाली, वडगाव निंबाळकरची. घरी ऊस आहे, गाई आहेत. मुलगी काय शिकते असं कुणी विचारलं की वडील 'कॉम्प्युटर' म्हणतात, कारण 'सिनेमा' म्हटल्यावर लोक पुढं जे विचारतात ते त्यांना सहन होत नाही. बारामतीत कोर्स करताना मी दोन शॉर्ट फिल्म दिग्दर्शित केल्या. पहिलीत सख्ख्या आत्याला विधवा दाखवली, तर तिचे यजमान अजून माझ्याशी बोलत नाहीत. दुसरीत चुलतभाऊ मेल्यावरही श्वास घेताना दिसतो. तेव्हा ठरवलं की आता नाटक पुरे, आता खऱ्या माणसांना बोलतं करायचं. खरी माणसं कॅमेऱ्यापुढं आत्यापेक्षा जास्त नाटक करतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या सरांनी एक युक्ती शिकवली होती. प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकायचं, आणि उत्तर संपलं की पुढचा प्रश्न न विचारता मनात दहापर्यंत मोजायचं. समोरच्याला ती शांतता सोसत नाही. ती भरून काढायला तो जे बोलतो, ते खरं उत्तर. पहिल्या वर्षी मला ही युक्ती फार थोर वाटली होती. आता थोडी पाकीटमारी वाटते, पण उपयोगी पडते यात वाद नाही.

इंदापूरजवळच्या वरकुट्यात मला प्रयागबाई भेटल्या त्या याच युक्तीमुळं. म्हणजे भेटल्या पेरूच्या बागेत, झाडावरच्या फळांना फोमच्या जाळ्या चढवताना. पण बोलल्या त्या शांततेमुळं. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, हाताला सारखं काम लागणाऱ्या बाई. त्यांचा थोरला मुलगा विजयसिंह अगत्यशील माणूस होता, आणि मुलाखत घेणाऱ्याला अगत्यशील माणसाइतका ताप दुसरा नाही. त्यानं आईला नवं लुगडं नेसायला लावलं, खुर्ची आणली, चहा आणवला, आणि कॅमेऱ्याच्या मागं हात बांधून उभा राहिला. मी आईला विचारायची आणि उत्तर हा द्यायचा. आईला काय आवडतं, आईचं काय दुखतं, आईनं किती कष्ट काढले. प्रयागबाई मान डोलवत होत्या. हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडं बाईला काही विचारलं की तिचा जवळचा पुरुष उत्तर देतो, आणि त्याला मनापासून वाटतं की आपण तिला मदत करतोय.

यावर माझ्या कॅमेरामनकडं उपाय होता. शिवम माझ्याच वर्गातला, इंदापूरचा. त्याच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, वाढदिवस, मोठाले एलईडी स्क्रीन भाड्यानं देणं. शिवमनं गाडीतून ड्रोन काढला आणि विजयसिंहला विचारलं, बाग वरून बघायची का? ड्रोन वर गेला आणि विजयसिंह, धाकटा दिग्विजय, दोन गडी आणि रस्त्यानं चाललेले तिघं त्याच्यामागं माना वर करून निघून गेले. बागेत मी, ट्रायपॉडवरचा कॅमेरा आणि प्रयागबाई एवढेच उरलो.

मी प्रश्न विचारला. त्यांनी पाठ केल्यासारखं उत्तर दिलं.

"माजं काय राह्यलंय सांगायचं. माजी पोरं लई गुणाची हायेत. कशाला कमी पडू दिलं न्हाय मला."

मी गप्प बसले. आठापर्यंत मोजलं असेल. प्रयागबाईंनी पदर नीट केला, बागेच्या टोकाकडं बघितलं, आणि बोलल्या.

"फकस्त रेश्मीला दार बंद केलं त्यांनी. तेवढं उगडावं. मी हाय तवर न्हाय तर मी गेल्यावर तरी. रस्त्यावर उभी राहून न्हाय, उंबऱ्याच्या आत यावी. मानसासारखी जेवून जावी."

मग हळूहळू सगळं आलं. रेश्मा त्यांची मुलगी, दोन भावांमधली. सात वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीतल्या मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं. भावांनी मारहाण केली नाही, धमकी दिली नाही. ते तसले नव्हते. त्यांनी फक्त तिचं नाव घेणं बंद केलं. घरातल्या फोटोंमधून ती गेली, लग्नपत्रिकेतल्या यादीतून गेली. ती बारामतीत पार्लर चालवते आणि कधीतरी सणाला भावकीतल्या कुणाच्या तरी फोनवरून आईशी दोन मिनिटं बोलते. मी विचारलं, आजी, तुम्ही मुलांना हे सांगत का नाही? त्या म्हणाल्या की विषय काढला की पोरं उठून जातात. भांडत नाहीत, ताट अर्धं टाकून उठतात, आणि मग आईलाच वाईट वाटतं.

मी निघताना त्यांनी कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडं बोट दाखवलं. "ह्यातलं लोक ऐकत्यात. तुजा पिच्चर दाखवशील तवा माज्या पोरांना म्होरं बसव. मधनं उटून जाता येत न्हाय ना?"

मी म्हणाले, नाही येत. मार्चमध्ये कॉलेजात फिल्म दाखवणार होतो, तेव्हा या दोघांना पहिल्या रांगेत मधोमध बसवायचं मी तिथंच ठरवलं. सगळ्या फिल्मचा शेवट मला मिळाला होता आणि त्या आनंदात मी शिवमला परतीच्या वाटेवर उसाचा रस पाजला.

जानेवारीत प्रयागबाई गेल्या. सकाळी बागेत जायला निघाल्या आणि दारातच बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मला शिवमच्या स्टेटसवरून कळलं. चौथ्या दिवशी विजयसिंहचा फोन आला. आवाज पार बसला होता. घरात आईचा एक धड व्हिडिओ नाही म्हणाला. सगळ्या लग्नांच्या शूटिंगमध्ये ती पाठमोरी आहे, नाहीतर वाढताना नुसता हात दिसतो. दशक्रियेला स्क्रीनवर लावायला तुमच्याकडचं शूटिंग द्या. तो फोनवर रडला. मला त्याची दया आली, हेही इथं सांगून टाकते.

देईन, पण सगळं बघायचं, मधलं काही गाळायचं नाही, असं मी म्हणाले. तो म्हणाला, पाठवा की, बघतो. मी अख्खी मुलाखत पाठवली. तासाभरानं दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे त्यानं बघितलं. प्रयागबाईंना हवं होतं तसं पहिल्या रांगेत बसून नाही, पण ऐकलं तरी. मला वाटलं, झालं काम. माणूस आईसाठी एवढा रडतोय, तो आईचं शेवटचं बोलणं कसं मोडेल?

दुसऱ्या दिवशी मी बारामतीत रेश्माचं पार्लर शोधलं. तिला कळलं होतं, पण घरून निरोप आला नव्हता. अंत्यविधी झाल्यावर कुणीतरी फोन केला होता. मी तिला मोबाइलवर आईची मुलाखत दाखवली. तिनं ती पडद्यामागं उभ्यानंच बघितली, आईचं 'मानसासारखी जेवून जावी' ऐकलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. तुम्ही दशक्रियेला येता का, असं मी विचारलं. ती नाही म्हणाली. आईच्या पिंडापुढं तमाशा नको. फक्त कावळा शिवला का, तेवढं मला कळवा. आईचा जीव कशात राहिलाय ते मला माहीत आहे, असंही म्हणाली.

दशक्रिया उजनी धरणाच्या काठाला होती. वरकुट्याहून गाड्या भरून माणसं आली होती. मांडव, खुर्च्या, पाण्याचे जार, आणि एका बाजूला शिवमच्या वडिलांचा एलईडी स्क्रीन. महाराजांचं प्रवचन चालू होतं. आईची थोरवी सांगून झाली आणि त्यांनी स्क्रीनकडं हात केला. प्रयागबाई पडद्यावर आल्या, मांडवातल्या कुठल्याही माणसाहून मोठ्या. पाठीमागं बासरी लावली होती. त्या म्हणाल्या, "माजी पोरं लई गुणाची हायेत. कशाला कमी पडू दिलं न्हाय मला." आणि चित्र तिथंच थांबलं. मग सावकाश पांढरं होत गेलं, त्यावर फुलं पडली आणि दोन्ही मुलांची नावं उमटली. मागं बायका हुंदके देत होत्या. क्लिप पुन्हा सुरू झाली. तीन-चार वेळा तरी त्या बाईनं मुलांना गुणाची म्हटलं आणि प्रत्येक वेळी पुढचं बोलायला तोंड उघडलं की तिच्यावर फुलं पडली.

मी शिवमला मांडवामागं गाठलं. तो म्हणाला की विजूदादानं पप्पांना फोन केला होता, पप्पांनी सांगितलं, म्हणून मी कापलं. मी त्याला नालायक म्हणाले, अजूनही बरंच म्हणाले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तू पण कापतेसच की. त्या स्टँडवरच्या माणसानं वीस मिनिटं सांगितलं, तू त्याचं नुसतं बटण लावताना ठेवलंस."

मी त्याला परत नालायक म्हणाले.

खाली काठाला पिंड ठेवून सगळे मागं सरले होते. दोघा भावांची डोकी भादरलेली, अंगावर उपरणी. पानावर भाताचे पिंड, शेजारी आजींना आवडायची म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि पेरूच्या फोडी. आजूबाजूला कावळ्यांना तोटा नव्हता. पण थोड्या अंतरावर मच्छीमारांनी चिलापी माशांची जाळी झाडली होती आणि समस्त कावळे तिकडं होते. मला सिनेमाच्या वर्गात जे शिकवलंय त्याप्रमाणं याचा अर्थ एवढाच की कावळ्याला भातापेक्षा मासा आवडतो. पण तिथं उभं राहिल्यावर वर्गातलं शिक्षण टिकत नाही. अर्धा तास झाला, ऊन चढलं, आणि माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

मग बोलणं सुरू झालं. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काहीतरी इच्छा अडकलीय. ती ओळखून घरच्यांनी पिंडापुढं हात जोडून शब्द द्यायचा, की अमुक करू, काळजी करू नको. विजयसिंह पुढं झाला. आई, तुझ्या नावानं शाळेला पाण्याची टाकी देतो. कावळा नाही. दिग्विजयनं हात जोडले. आई, पेरूची बाग मोडणार नाही, दादा आणि मी वाटणी करणार नाही. कावळा नाही. थोरल्या सुनेनं नातीला डॉक्टर करायचं कबूल केलं. कुणी म्हणालं काशी राहिली असेल, कुणी म्हणालं तिच्या म्हशीत जीव असेल. एकेक जण पुढं होऊन प्रयागबाईंच्या इच्छा सांगत होता. परत तेच चाललं होतं. प्रश्न त्यांना आणि उत्तरं यांची.

मी गप्प बसणार होते. बाहेरची मुलगी, ना भावकीतली ना गावातली. पण विजयसिंह दुसऱ्यांदा पुढं झाला आणि टाकीसोबत कुंपणाचंही कबूल करायला लागला, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं ऐकलं होतं. निळ्या खुणा मी बघितल्या होत्या. मी मोठ्यानं म्हणाले, आजींनी सांगितलंय काय हवं ते. रेश्माताईला घरात घ्या म्हणून सांगितलंय. मला स्वतः सांगितलंय.

प्रयागबाईंचे थोरले भाऊ झुंबरतात्या पुढं बसले होते. माहेरचा माणूस म्हणून त्यांच्या शब्दाला त्या दिवशी मान होता. ते काठी टेकत उठले आणि भाच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"विजू, म्हन बाबा तेवढं. आईच हाय तुजी. म्हनायला काय लागतंय?"

विजयसिंह पिंडाकडं बघत राहिला. दिग्विजयनं एकदा तोंड उघडलं, भावाकडं बघितलं आणि मिटलं. मी मोजत नव्हते, पण दहाच्या पुढं गेलं असेल. आणि त्या शांततेत विजयसिंह खरं बोलला. सरांची युक्ती त्याच्यावरही चालली.

"तात्या, टाकीचं बोललोय ती देनार हाय. पिंडाफुडं बोललेलं मोडता येत न्हाय. हे बोललो तर करावं लागंल."

विजयसिंहनं उपरण्यानं तोंड पुसलं आणि गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, दर्भाचा करा."

गुरुजींना सवय होती. त्यांनी दर्भाच्या काड्या घेतल्या, मुडपल्या, गाठ मारली, दोन टोकं पंखासारखी फाकवली. कावळा कसला, पोरांनी खेळायला केलेला नाकतोडा दिसत होता. तो त्यांनी पिंडाला टेकवला आणि मंत्र म्हटला. शिवला, शिवला, अशी मागं कुजबुज झाली. माणसं सुटल्यासारखी मांडवाकडं वळली, कारण जेवणं वाढायला घेतली होती. मला भयंकर संताप आला होता. त्यातला सगळ्यात मोठा संताप याचा होता की त्या माणसाला मी खोटारडा म्हणू शकत नव्हते. त्या मांडवात तो एकटाच शब्दाला घाबरत होता.

मी जेवले नाही. रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत उभी राहिले तेव्हा रेश्माचा फोन आला. मागं पार्लरचा पंखा आणि बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. तिनं विचारलं, "शिवला का?"

मी "हो" म्हणाले. पुढचं बोलले नाही. मला वाटलं, एवढं तरी तिला मिळू दे. मी वाक्य अगदी तिथंच तोडलं जिथं तोडलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. शिवमनं तोडलं होतं तसंच, बासरी तेवढी नव्हती.

तिचा आवाज एकदम बदलला.

"म्हणजे दादा म्हणाला. त्याशिवाय शिवायचा नाही, मला माहीत होतं. मी मग तेराव्याला जाते वरकुट्याला. ह्यांना पण नेते. आईनं सांगितलंय तसं, आत जाऊन जेवते."

मला बारामतीहून निघालेली ती दिसली. चांगली साडी, नवरा, हातात पिशवी. गाडीतून उतरलेली. दारात विजयसिंह, अगत्यशील माणूस, ताट अर्धं टाकून उठणारा. समोरून एसटी आली, थांबली आणि निघूनही गेली. फोनवर ती गप्प होती, माझी वाट बघत. या बाजूला उभं राहून ती शांतता कशी लागते ते मला आतापर्यंत ठाऊक नव्हतं.

"रेश्माताई, जाऊ नका," मी म्हणाले. "शिवला तो दर्भाचा. दादा म्हणाले नाहीत."

तिनं फोन ठेवला नाही. पंख्याचा आवाज येत राहिला. कुणीतरी तिला विचारलं की अजून किती वेळ लागेल.

"बरं," ती मला म्हणाली. मग तिथल्या बाईला म्हणाली, "झालंच. डोळे मिटा, आणि भुवई ताणून धरा."